कमळांच्या पाण्यात उतरलेला माणूस

आत्याच्या कहाणीत वाट मी निवडायची. ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, लग्नाला आलेली. कहाणीतल्या वाटसरूपुढे दोन वाटा फुटल्या की ती थांबे नि विचारी, "आता कोन्या वाटेनं जाऊ देऊ त्याले?" मी म्हणेन तिकडे तो मुकाट जाई. मला भारी मिजास चढे.

त्या वर्षी धान पिकत आलं होतं नि आम्ही दोघी शेतातल्या माळ्यावर बसून पोपट हाकलत होतो. घरात बोलणं एकच: आत्याला माझ्या मामाला द्यायचं. होकार सांगायला मामा पवनीहून येणार होता. कधी, ते कुणाला ठाऊक नव्हतं. आत्या विनाकारण हसत होती. ऊन धानावर पिवळं सांडलेलं, माझे डोळे जड झालेले. मी कहाणीसाठी हटून बसले.

"दिवसा कहानी सांगतली त मामा वाट भुलते वो," ती म्हणाली. पण मी हट्टाला पेटले की ऐकते कुणाचं! शेवटी तिनं सांगितलीच. वाटसरू कमळांनी भरलेल्या बोडीशी आला. पारेवरून, म्हणजे तळ्याच्या बांधावरून, जायचं की कमळांतून? कमळांतून, मी म्हटलं. तो उतरला. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं...

तेवढ्यात आईनं शेताच्या धुऱ्यावरून हाक दिली, "मामा सकाळीच निंगाला म्हनते! आज येऊन राहिला!"

आत्याचा हात तोंडावर गेला. कहाणी तिथंच राहिली. पवनीची एसटी आली नि गेली. अंधार पडेपर्यंत आम्ही वाटेकडे बघत बसलो. मला रडू येत होतं.

मामा आला तो दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेला, स्वतःच्या लग्नाचं सांगायला. मुलगी दुसऱ्याच घरची होती. पुढच्या उन्हाळ्यात आत्याला सानगडीला दिली.

शाळेत फळ्याकडे बघता बघता मी त्या वाटसरूला कितीदा तरी पाण्याबाहेर काढलं. कधी तो पलीकडे धोतर पिळत उभा असे. कधी कमळांचे देठ त्याचे पाय सोडत नसत. काही केल्या जिवाला चैन पडेना.

कॉलेजात गेल्यावर एकदा सानगडीला जाऊन विचारलंच, "आत्या, तो मानूस निंगाला का बुडाला?"

ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"मले काय मालूम, बाई," ती म्हणाली. "मी त अजून पारेवरच उभी आहो."