पोटऱ्यांमध्ये धरलेला चेलो

आमच्या स्टुडिओत तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपीय संगीत त्या काळच्या वाद्यांवर रेकॉर्ड होत होतं. सुनंदाताईंच्या चेलोला, त्या थोराड व्हायोलिनसारख्या वाद्याला, जमिनीवर टेकवायची दांडीच नव्हती. त्यांनी तो दोन्ही पोटऱ्यांमध्ये धरला होता. प्राण्यांच्या आतड्यापासून केलेल्या तारा दमट हवेत सारख्या सुरातून उतरायच्या. मग सगळे थांबायचे आणि ताई कान लावून हळूच खुंटी पिळायच्या.

"कंटाळा नाही येत?" मी विचारलं.

"तारेला हवा बाधते, त्याला ती काय करणार?" त्या म्हणाल्या.

आई मला अशीच गुडघ्यांत धरून वेणी घालायची. मी हलले की भांग वाकडा व्हायचा. शाळेला उशीर होत असला तरी ती न रागावता पुन्हा पहिल्यापासून विंचरायची.

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि नकळत मान ताठ केली.