ऐनाच्या रानातली लाभार्थी

आरमोरीकडच्या आमच्या ढिवर मोहल्ल्यात कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, पुरुषांचाच. रेशमाच्या अळ्या एकदा ऐनाच्या झाडांवर चढवल्या की बाईनं त्या रानात पाय टाकायचा नाही. टाकला तर अळ्या मरतात म्हणे. राखणाऱ्यानं सोवळ्याचा नेम मोडला तरी तेच. पण कोशाची सरकारी अंडी महिला लाभार्थी म्हणून नीलिमाच्या नावावर आली, तेव्हा कुणी ब्र काढला नाही. बाईचं नाव चालतं, पाय चालत नाहीत!

नीलिमाचा नवरा तेलंगणात मजुरीला. सासरे नानाजी अळ्यांच्या राखणीला रानातच मुक्कामी. ती कडेला डबा ठेवून परतायची. मग रेशीम खात्याच्या साहेबांचा निरोप आला: तपासणीला लाभार्थी स्वतः रानात हवी, नाहीतर पुढची अंडी बंद. अंडी बंद म्हणजे पोरीला आईकडे टाकून तिलाही मिरची तोडायला तेलंगणात जावं लागणार होतं.

त्या सकाळी रानाच्या कडेशी तिचा पाय उचलेना. जन्मभर ऐकलेलं असं एका निरोपानं जातं होय? नानाजी मान खाली घालून उभे होते. "या ना बाई," साहेब म्हणाले, तशी ती आत शिरली.

दहा पावलांवर घाण वास आला. फांदीला तीन अळ्या काळ्या पडून उलट्या लोंबत होत्या. लाभार्थी म्हणून तिला दिलेल्या सरकारी प्रशिक्षणात हाच रोग दाखवला होता: फांदी तोडून जाळा, नाहीतर आठ दिवसांत सगळ्या झाडांवरच्या अळ्या साफ. साहेब पलीकडे कागद भरत होते, त्यांचं लक्ष नव्हतं. बोलावं तर गाव म्हणणार, हिचा पाय लागला अन् कोसा मेला. गप्प राहावं तर सगळंच जाणार. तिला स्वतःच्या भित्रेपणाचा भयंकर राग आला.

"साहेब, रोग हाय इथी!" ती ओरडलीच.

शेजारचा देवाजी बघायला आला होता. तो लगेच म्हणाला, "पाहा! बाई आत गेली अन्..."

"चूप रे देवाजी!" नानाजी पुढे आले. "चार दिवस झाले, मेलेल्या अळ्या मी गाडून राह्यलो. नेम मोडला म्हून लोक मले बोलतीन, म्हून लपवलं. हे तं आज आली."

त्यांनी आपला कोयता नीलिमापुढे धरला. "कोन्ती फांदी तोडाची, मले नाई समजत. तुले समजते. तोड."

साहेबांनी कागदावर 'लाभार्थी हजर' असं लिहिलं, तेव्हा लाभार्थी पदर खोचून झाडावर चढली होती.