टाचणीबाईंनी जमवलेली पदकं

त्यांच्या तोंडात सदानकदा दोन-चार टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून सगळे त्यांना टाचणीबाई म्हणत. गिरणी, साबणाचा कारखाना, बस डेपो, पाणीपुरवठा... गावातल्या निम्म्याअधिक कामगारांचे गणवेश त्यांच्या मशीनखालून गेलेले. एकदा एक गिऱ्हाईक वडिलांचा जुना कोट उसवून मुलाच्या मापाचा करायला घेऊन आलं. कोटाच्या छातीवर पदक तसंच लटकत होतं. पुढच्या बाजूला कारखान्याचं धुराडं आणि कामगाराचं नाव, मागे ‘पंचवीस वर्षांच्या इमानी सेवेबद्दल’.

“अहो, हे राहिलं की!” बाई म्हणाल्या.

“असू द्या तुमच्याकडेच. आमच्याकडे कुणाला हवंय?”

उन्हातान्हात, आजारपणात कामावर गेलेल्या माणसाची ही कमाई, ती बटणांच्या डब्यात टाकायला बाईंचा हात धजेना. मखमलीचा एक तुकडा कापून त्यावर त्यांनी ते पदक टाचलं आणि मशीनसमोरच्या भिंतीवर लावलं.

झालं, तिथून नाद लागला. भंगारवाल्याला सांगून ठेवलं, जुन्या बाजाराच्या खेपा सुरू झाल्या. कुठे चेपलेलं पदक मिळे, कुठे नुसती गोल चकती. बाई ते घासूनपुसून लख्ख करायच्या, विटलेली रिबीन काढून नवी शिवायच्या. एक भिंत भरली, मग दुसरी. आरसा काढायची वेळ आली तेव्हा नवऱ्याचा तोल सुटला.

“अगं, बायका दागिने जमवतात. तू लोकांच्या नोकऱ्या काय जमवतेस? आता मी दाढी काय या पदकांत बघून करू?”

“करा की. आरशापेक्षा लख्ख आहेत,” बाई टाचण्यांआडून म्हणाल्या.

सून वाचनालयात कामाला होती. तिनेच विषय काढला. “आई, आमचा हॉल रविवारी मोकळाच असतो. तिथे मांडू या ना सगळी. लोकांना तरी कळू दे.”

“काळं कुत्रं फिरकणार नाही गं तिकडे.”

पण सुनेने ऐकलं नाही. डेपोच्या फाटकावर, कारखान्यांच्या भिंतींवर तिने कागद चिकटवले: ‘तुमच्या घरचं पदक इथे असेल. येऊन बघा.’

रविवारी दार उघडायच्या आधीच पायऱ्यांवर माणसं उभी होती. कुणी काठी टेकत आलेलं, कुणी मुलीचा हात धरून. हॉलमध्ये काचेच्या पेट्यांत पदकं मांडलेली. सगळे काचांवर वाकून नावं वाचत होते.

साबणाच्या कारखान्यात बॉयलर सांभाळलेले एक म्हातारबाबा मधल्या पेटीपुढे थबकले ते हलेचनात.

“हे माझं आहे,” ते म्हणाले. “घर बदलताना हरवलं. जरा हातात घेऊ का? लगेच परत देतो.”

बाई घुटमळल्या. निळ्या मीनाकामाचं ते पदक त्यांचं सगळ्यात लाडकं. तीनदा रिबीन उसवून मनासारखी शिवलेली. ते गेलं तर मांडणीत मधोमध भगदाड पडणार. त्यांनी बाबांच्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग होते. बाईंनी काच उघडली.

“परत कशाला देताय? या इकडे. ताठ उभे राहा. मान वर!”

त्यांनी पदक बाबांच्या सदऱ्यावर लावलं, रिबीन सरळ केली आणि दोन पावलं मागे सरून शिंप्याच्या नजरेने पाहिलं. बाबांनी काठी बाईंच्या सुनेच्या हातात दिली होती. अख्ख्या हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला.

मग कोण थांबतंय! “बाई, हे माझ्या आईचं.” “हे आमच्या दादांचं.” एका पदकावरून दोघे भाऊ हमरीतुमरीवर आले, तेव्हा बाईंनी दोघांना दटावलं, “आलटून पालटून घाला. आणि भांडलात तर मी घालीन.” हॉल खो खो हसला. तोंडातल्या टाचण्या संपल्या, सुनेने नवा डबा फोडला.

दुपार कलली तेव्हा पेट्यांमध्ये मखमलच उरली होती. जेमतेम चार-सहा पदकं वाट बघत राहिलेली.

“इतक्या वर्षांचं जमवलेलं एका दिवसात उधळलंस!” नवरा डोळे विस्फारून म्हणाला.

“उधळलं कुठे? ज्याचं त्याला पोचलं,” बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा फुललेला.

बाहेर बॉयलरवाले बाबा सगळ्यांना रांगेत उभं करत होते. “बाई पुढे! बाई पुढे!” असा गलका झाला. नको नको म्हणता बाईंना पुढे ढकललं, आणि ती सगळी वरात छातीवर पदकं मिरवत भर रस्त्यातून निघाली. समोरून आलेल्या बसच्या ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली आणि उतरून कडक सलाम ठोकला. टाचणीबाईंनीही हात उंच करून, भर चौकात, तितकाच कडक सलाम परत केला.