प्रभुभोजनाआधी

आमच्या चर्चमध्ये जुना रिवाज आहे. कुणाशी वाकडं आलं असेल, तर ते मिटेपर्यंत माणूस प्रभुभोजनाला उठत नाही, बाकावरच बसून राहतो. परवाच्या रविवारी सत्तरीचे शांतवनकाका भाकर घ्यायला निघाले आणि अर्ध्या वाटेतून मागे वळले. शेवटच्या बाकावर बसलेल्या यशवंत टेलरपाशी ते थांबले.

"यशवंता, काल चौकात तुला नाही नाही ते बोललो. चुकलं माझं."

"काका, लोक बघतायत."

"काल काय डोळे मिटून होते?"

यशवंत हसला. दोघं बरोबरच पुढे गेले.

विश्वासात प्रौढ होणं म्हणजे काय, यावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. मला ते दिसलं काकांच्या त्या मागे वळलेल्या दहा-बारा पावलांत. मी पन्नाशी ओलांडली आहे. वर्तमानपत्रात असताना चुकांची दुरुस्ती रोज छापत होतो. आईच्या दफनविधीच्या दिवशी धाकट्या भावाला, सॅम्युएलला, जे बोललो, त्याबद्दलचं एक वाक्य मात्र चार वर्षांत तोंडातून निघालेलं नाही. ते मला पाठ आहे.

त्या रविवारीही मी बसून राहिलो. सगळे पुढे गेले, मधली बाकं रिकामी झाली, तेव्हा पलीकडच्या कोपऱ्यात सॅम्युएल दिसला. तोही उठला नव्हता.