रेघेचं डावं टोक

नववीत शाळा सोडून मी भंडाऱ्याहून सोलापुरात आलो आणि चादरीच्या कारखान्यात जॅकार्डची, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी, कार्डं पाडायला लागलो. पुठ्ठ्याला भोक म्हणजे दोरा वर, भोक नाही म्हणजे खाली. तिसरं काही नसतंच.

मग चिंचोळी एमआयडीसीतल्या एका मॅडमनी मला त्यांच्या वर्कशॉपात घेतलं. त्या मागाचे दोरे उचलणारे हूक चालवणाऱ्या चिपचं डिझाइन करतात. मोबाईलवर बघून बघून मी वेबपेजं बनवायला शिकलो होतो, एवढंच माझं भांडवल. मार्कशीट त्यांनी कधी मागितली नाही. आज मागतील, असं मला मात्र रोज वाटायचं.

डिझाइन मागावर चढवण्याआधी कॉम्प्युटरवर लुटुपुटूचं चालवून बघतात. त्याला सिम्युलेशन म्हणतात. प्रत्येक तारेची एक रेघ दिसते, वर गेली की एक, खाली आली की शून्य. हे सगळं ऑफिसातल्या एकाच कॉम्प्युटरवर व्हायचं. मॅडमनी सिम्युलेटर ब्राउझरमध्ये बसवला आणि रेघा काढणारं पेज माझ्यावर सोपवलं. जमलं ते. लिंक उघडली की कुठंही रेघा दिसायला लागल्या. "छान. सोमवारी मागावर चढवू," मॅडम म्हणाल्या. त्या दिवशी आनंदानं मला जेवण गेलं नाही.

लिंक मी वर्कशॉपातल्या फिटर मामांनाही पाठवली होती. मागात आयुष्य घालवलेला माणूस, पण ऑफिसच्या कॉम्प्युटरजवळ कधी फिरकला नाही. शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला.

"काय रं भंडारा, सगळ्या रेघा खालनंच कशा निघत्यात?"

"सुरुवातीला शून्यच असतं, मामा."

"कुणी सांगितलं? लाइट जाऊन आली की हूक कुटं बी अडकल्यालं असत्यात. तुझा माग लई शहाणा हाय की."

मी सिम्युलेटरची मूळ फाइल उघडली. हुकांच्या तारांपुढे पहिला धोटा जाईपर्यंत ना एक होतं, ना शून्य. एक्स होता. म्हणजे माहीत नाही. पेज बनवताना तो मला दिसला होता. भोक नाही ना, मग खाली, म्हणून मीच त्याला शून्यात ढकललं होतं. चिप चालू होताना हूक खाली आणायची ओळच डिझाइनमध्ये राहिली होती आणि माझ्या पेजनं ती चूक झाकली होती.

दोनदा मॅडमच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. गप्प राहिलो असतो तर सोमवारी गिऱ्हाइकाच्या मागावर दोरे तुटले असते आणि बोल मॅडमना लागला असता.

"मॅडम, माझं पेज खोटं दाखवतंय."

सगळं ऐकून त्यांनी मूळ फाइल उघडली. संपलं आपलं, मला वाटलं.

"ओळ मी विसरले," त्या म्हणाल्या. "तू एक्स लाल दाखव. आणि मामांना लिंक परत पाठव."

पाठवली. रेघा जिथून सुरू होतात ती डावी टोकं लालभडक झाली होती. मॅडमनी ओळ घातली, तसा लाल रंग गेला. "आता पटतंय," मामांचा व्हॉइस मेसेज आला.

अजूनही डिझाइन उघडलं की आधी डावं टोक बघतो. लाल दिसलं नाही तरी चैन पडत नाही. रंगच बिघडला नसेल ना, म्हणून मूळ फाइल उघडतो.