पिल्लांचा श्वास ऐकणारे आप्पा

श्वास कसा घ्यावा हे अख्ख्या लातूर जिल्ह्यात फक्त आमच्या घरमालकांना कळत होतं; बाकी आम्ही सगळे नुसतंच नाक घेऊन फिरत होतो. जिल्हा तेव्हा नवा कोरा होता. कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून बोटाला लागत होता, आणि पावसानं मात्र सगळ्यांकडे पाठ फिरवली होती. मी नांदेडहून बदलून आलो आणि ट्रंक-वळकटी घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा त्यांनी माझी नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही. "सर्दी हाय का?" एवढंच विचारलं. मी नाही म्हणालो तर गृहस्थ पुढे झाले, माझ्या छातीपाशी कान आणून म्हणाले, "घ्या बरं जोरात." मी घेतला. त्यांनी मान हलवली आणि खोलीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. माझ्या खोलीच्या मागेच त्यांचं पत्र्याचं शेड आहे आणि त्यात कोंबडीची पिल्लं आहेत, हे मला सामान लावून झाल्यावर कळलं.

सगळी गल्ली त्यांना आप्पा म्हणायची. घर पक्कं लिंगायत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आणि अंडं हा शब्दसुद्धा घरात कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. थोरल्या भावाचं, म्हणजे अण्णांचं, भर बाजारात किराणा दुकान होतं आणि आप्पांनी निम्मं आयुष्य तिथं तराजू धरून काढलं होतं. दुष्काळात गिऱ्हाईक आटलं. नव्या जिल्ह्यात नवे साहेब आले, त्यांनी पूरक धंद्यावर भाषण दिलं, आणि ते भाषण साऱ्या लातुरात एकट्या आप्पांनी मनावर घेतलं. भाऊबंदांनी तोंडात बोटं घातली. कुणी डिवचलं की आप्पा शांतपणे म्हणत, "खायाचं न्हाई म्हंजी जगवायचं बी न्हाई का?"

पण जगवणं सोपं नव्हतं. पहिल्या खेपेची पिल्लं छातीच्या रोगानं गेली. चोची उघड्या टाकून, माना वर करून, हवेचा एकेक घोट मागत गेली म्हणे. आप्पा आठवडाभर जेवले नाहीत. अण्णांनी तेव्हाच बजावलं, "आता येकच खेप. ती बी मेली तर शेड मोडायचं आन् गुमान दुकानात बसायचं." आप्पांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून कबूल केलं. मी राहायला आलो ती ही दुसरी खेप. मुठीत मावतील एवढाले पिवळे गोळे, आणि त्यांच्यावर आप्पांचं उभं आयुष्य टांगलेलं.

मग काय विचारता! घरात फोडणीला बंदी आली. मिरचीचा खाट, म्हणजे ठसका लावणारा धूर, शेडात जातो म्हणून आक्का, म्हणजे आप्पांच्या मंडळी, वरण नुसतं उकडून वाढायच्या. मी त्यांच्याकडेच जेवायला होतो. लातुरात राहून बिनफोडणीचं वरण खाणारा माझ्यासारखा करंटा दुसरा नसेल. देवापुढची उदबत्तीसुद्धा गेली. आक्का कडाडल्या तर आप्पा म्हणाले, "म्हादेवाला भस्म लागतंय, धूर कवा मागितला त्येनं?" अंगण कोरडं झाडायचं नाही, धूळ उडते, टँकरचं मोजकं पाणी, त्यातलं आधी अंगणात शिंपडायचं आणि उरलं तर आम्ही आंघोळ करायची. शेडाच्या उंबऱ्यात चुन्याचं घमेलं. त्यात पाय बुडवल्याशिवाय नव्या जिल्ह्याच्या कलेक्टरलाही आत सोडला नसता. मला सकाळी उठल्याबरोबर शिंका येण्याची खोड आहे. तिसऱ्या शिंकेला खिडकीतून आप्पांचं डोकं डोकावे. "सायेब, रस्त्यावर जाऊन शिंका की. हितं लेकरं हायती." माणसाची सर्दी कोंबडीला होत नाही, असं मी एकदा ऐकीव ज्ञान पाजळलं. "त्ये पिल्लांना ठाव हाय का?" आप्पांनी विचारलं. तेव्हापासून मी टॉवेल घेऊन कोपऱ्यावरच्या लिंबाखाली शिंकायला जाऊ लागलो. येणारे-जाणारे रामराम करायचे.

शेडात शिरले की आप्पा सरळ गुडघ्यावर बसत आणि जमिनीला नाक लावत. "आपलं नाक हितं वर, त्येंचं तितं खाली. वास खालीच दबून ऱ्हातोय." पिल्लांखाली पसरलेला शेंगांच्या टरफलांचा थर जरा ओला लागला, डोळ्याला चुरचुरलं, की लगेच तो उचलून कोरडा पसरायचा. वीज गेली तर उबेला शेगडी. पण निखारे बाहेर लालबुंद होऊ द्यायचे, धुराची शेवटची रेघ गेली की मगच आत न्यायचे. तरटाचे पडदे खाली ऊब राहावी म्हणून सोडलेले, वर मात्र वितभर मोकळे. "ऊब पायजे, पर कोंडलेली नको," हे आप्पांचं ब्रह्मवाक्य. संध्याकाळी पिल्लं निजायला लागली की ते बारीक शीळ घालत. चिवचिव एकदम थांबे. त्या शांततेत आप्पा डोळे मिटून ऐकत राहत. कुणाच्या गळ्यात घरघर, कुणाची बारीकशी शिंक. कुठंच काही नसलं की चेहरा असा उजळे की मलाही माझं बिनफोडणीचं वरण गोड लागायचं.

आक्का सुरुवातीला शेडाच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नव्हत्या. पण पिल्लंच ती, किती दिवस राग धरणार? हळूहळू त्या दारातून डोकावू लागल्या, मग चुन्यात पाय बुडवून आत जाऊ लागल्या. एक लंगडं पिल्लू तर त्यांच्या पदरातच असायचं.

कोंबड्यांच्या मानमोडी रोगाची लस आणायला आप्पा थर्मासमध्ये बर्फ भरून नांदेडला गेले, त्या दिवशी सकाळपासून बोचरं वारं सुटलं होतं. पिल्लं एकमेकांवर चढून कुडकुडत होती. आता आक्का म्हणजे गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणींची हक्काची आई. ओवा, बाळंतशेपा आणि लसणाची टरफलं निखाऱ्यावर टाकून त्या जी धुरी देत, तिच्यातून त्या गल्लीत जन्मलेलं एकही लेकरू सुटलेलं नव्हतं. त्यांना या तान्ह्यांची दया आली. त्यांनी शेगडी आत नेली, मायेनं मूठमूठ ओवा टाकला आणि धूर वाया जाऊ नये म्हणून पडदे वरपर्यंत ओढून घट्ट बांधून घेतले.

मी कचेरीतून आणि आप्पा स्टँडवरून एकाच वेळी दारात पोचलो. ओव्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. आप्पांनी थर्मास माझ्या अंगावर टाकला आणि चपलांसकट, चुन्याचं घमेलं ओलांडून आत धावले. पडदे ओरबाडून काढले. धोतराच्या सोग्यात पिल्लं भरभरून अंगणात आणली. आक्का लंगड्या पिल्लाला छातीशी धरून उभ्या होत्या. "सर्दी धरू न्हाई म्हून दिली हो," एवढंच म्हणत राहिल्या. मला वाटलं, आता आप्पांचा स्फोट होणार. पण ते अंगणात उकिडवे बसून एकेक पिल्लू कानाशी लावत राहिले.

पुढच्या आठवड्यात पिल्लं गेली. चार-दोन वाचली, बाकी तशीच, चोची उघड्या टाकून. अण्णा आले. ओसरीवर बसले. आक्का खांबाला धरून उभ्या. त्यांना सांगायचं होतं, पण ओठ नुसते हलत होते.

"कशानं मेली?" अण्णांनी विचारलं.

"धुरानं," आप्पा म्हणाले. "मीच दिली धुरी."

अण्णा बघतच राहिले. "तू? देवाम्होरची उदबत्ती बंद केलेला मानूस तू, आन् धुरी देतोस?"

"येडं लागलं हुतं, अण्णा. थंडी बगून दिली."

अण्णांनी एकदा आक्कांकडं पाहिलं, चहाचा कप न पिताच खाली ठेवला आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी शेड मोडलं. पत्रे उतरवायला मी हात लावला. आप्पा तराजूमागे जाऊन बसले ते कायमचे. घरात फोडणी सुरू झाली. खरं सांगतो, पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते काही मिरचीनं नव्हतं.

पुढे माझी बदली झाली. आप्पा गेल्याचं मला फार उशिरा कळलं. भेटायला गेलो तेव्हा आक्का थकल्या होत्या, पण ओळख पक्की. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग त्या म्हणाल्या, "सायेब, साऱ्या जन्मात ह्ये येकदाच खोटं बोलले. आन् ते बी कुनाला पटलं न्हाई बगा." असं म्हणून त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.