दोन क्रेट आणि मधली जागा

मनमाड सोडलं त्या सकाळी मी डब्याच्या खिडकीत बसलो होतो, आई फलाटावर खिडकीचा गज धरून उभी होती आणि दादा पलीकडच्या रुळावर उभ्या असलेल्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यात ड्यूटीवर होते. दादा म्हणजे माझे वडील, रेल्वेत गार्ड. आईनं दशम्या आणि लोणच्याची बरणी दिली होती आणि सामान मोजलंस का, हे ती पुन्हापुन्हा विचारत होती. सामान म्हणजे एक बॅग, एक वळकटी आणि ती बरणी. मोजण्यासारखं त्यात काही नव्हतं. माझी गाडी हलली तसा पलीकडे दादांनी गुंडाळलेला हिरवा झेंडा वर केला. त्याला खरं तर काही अर्थ नव्हता. माझ्या गाडीला तिचा स्वतःचा गार्ड होता. पण नियमाबाहेर जाऊन दादांनी झेंडा उचलल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

आणि जायचं कुठं होतं, तर नाशिकला. दीड तास. आपल्या गल्लीतल्या तुम्हा मित्रांपैकी कुणी पुण्याला गेलं, कुणी शारजाला, एकजण तर कॅनडात बर्फ उपसतो आणि त्याचे फोटो आपल्या ग्रुपवर टाकतो. त्यांच्यापुढं माझ्या स्थलांतराची गोष्ट सांगायला तोंड उघडवत नाही. पण आईला अंतराचं काही पडलेलं नव्हतं. ती रडली ती पूर्ण कॅनडाइतकं.

सातपूरला कारखान्यात लागलो. फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, कॉट बेसिसवरची खोली, मेसची आमटी. पुढं लग्न झालं, फ्लॅट झाला. सोसायटीचं नाव एका इटालियन शहरावरून ठेवलेलं आहे. पाणी मात्र टँकरचं. मधुरा, माझी बायको, वणीजवळच्या गावातली. तिच्या वडिलांची टोमॅटो आणि द्राक्षं. ती इथं शाळेत गणित शिकवते, त्यामुळे घरात कुणाचं म्हणणं बरोबर, हा प्रश्न सहसा लांबत नाही.

आई-दादा मात्र मनमाडलाच राहिले. दादा निवृत्त झाले तेव्हापासून मी त्यांना नाशिकला राहायला या म्हणत होतो आणि आई प्रत्येक वेळी तेच सांगत होती, “तुझ्याकडे आम्ही पाहुणेच बरे.” त्यामागं आपल्या गल्लीतल्या दोन-तीन घरांची उदाहरणं होती. मुलांकडे राहायला गेलेली माणसं सोफ्याच्या टोकाला कशी बसतात, हे ती पाहून आली होती. दादा नुसते हसायचे. त्यांच्या पदाचं नाव रेल्वेनं बदलून आता ट्रेन मॅनेजर केलंय, हे मी त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. ते म्हणाले, “नाव बदललं म्हणून डबा पुढं नाही ना सरकला.”

मग सोनोग्राफीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर एक ठिपका दाखवला आणि थोडं थांबून शेजारचा दुसरा दाखवला. मी कारखान्यातल्या सवयीनं विचारलं, की मशीन तपासलंय ना. मधुरानं माझ्याकडे जे पाहिलं, ते मी इथं लिहीत नाही.

मनमाडला फोन केला. आईनं ऐकताच दादांना हाक मारली. दादांनी फोन घेतला. कसाऱ्याच्या घाटात चढावर गाडीला मागून जादा इंजिन जोडतात, ते मागून ढकलतं, ही गोष्ट लहानपणी त्यांनी मला इतक्यांदा सांगितली होती की आता एका वाक्यात भागलं. म्हणाले, “दोन म्हणजे घाट आला. मागून जोर लावायला माणूस लागेल.”

पण तो माणूस कोण, हे ते बोलले नाहीत. तोच खरा प्रश्न होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण जुळी म्हटल्यावर डॉक्टरांनी नाशिक सोडू नका असं बजावलं. सासूबाई येणार होत्या, पण द्राक्षाची छाटणी तोंडावर होती. त्या किती दिवस राहणार? पुढं आम्हाला आई-दादा हवे होते. मदतीला चार महिने नव्हे, कायमचे. मदतीला या म्हटलं असतं तर ते पुढच्याच गाडीनं आले असते. राहायला या, याच शब्दांवर सगळं अडत होतं.

दरम्यान गाडी घ्यायची ठरली. माझी मोटारसायकल दोन बाळांना पुरणार नाही, एवढं गणित मलाही येत होतं. पण आईनं फोनवरच कायदा सांगितला, की पोटातल्या बाळांसाठी बाजार करायचा नाही. पाळणा नाही, झबलं नाही, खुळखुळा नाही. सगळं जन्म झाल्यावर. गाडी घ्या, पण बाळांसाठी म्हणून घ्यायची नाही. मग कशासाठी? तर दादांच्या गुडघ्यांसाठी, असं अधिकृत कारण ठरलं. दादांचे गुडघे तेव्हा उत्तम होते. पण घरच्यांनी एकदा ठरवल्यावर ते अधूनमधून दुखूही लागले.

अडचण पुढं आली. बाळांना गाडीत नीट बसवायचं तर बांधायच्या खुर्च्या लागतात, दोन. त्या मागच्या सीटवर ठेवल्या तर मध्ये किती जागा उरते, हे त्या ठेवून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि खुर्च्या विकत घ्यायच्या नाहीत. मधुरानं मोबाईलवर खुर्चीची मापं काढली. तिचे वडील तेव्हा टोमॅटो मार्केटला टाकून आमच्याकडे चहाला थांबले होते. ते म्हणाले, “खुर्ची आणायची नाय ना? मग माझे क्रेट घ्या. जवळपास तेवढंच माप हाय.”

अशा रीतीनं आम्ही कुटुंबाची मोटार निवडायला निघालो: मी, सहाव्या महिन्यातली मधुरा, त्या रविवारी मुद्दाम बोलावून घेतलेले आई-दादा आणि टोमॅटोचे दोन प्लास्टिकचे क्रेट, एक लाल, एक निळा.

मोटारींच्या शोरूममध्ये तुम्ही गेला असाल तर तिथला थाट तुम्हाला ठाऊक आहे. काचेचं दार आपोआप उघडतं, आत अत्तराचा वास, आणि गाडीपाशी हात मागं बांधून उभा असलेला तरुण, जणू गाडी थोर पुरुष आहे आणि तो तिचा स्वीय सहायक. पहिल्या शोरूममधल्या तरुणानं आम्हाला आधी छतातली खिडकी दाखवली. नाशिकच्या एप्रिलमध्ये डोक्यावरचं छत उघडायला कोण तयार होतं, हे मी विचारलं नाही. मग त्यानं आतले दिवे दाखवले. त्यांचे रंग मूडप्रमाणे बदलतात म्हणे. मधुरा म्हणाली, माझा मूड पाय पसरायचा आहे, आधी मागची सीट दाखवा.

मी क्रेट आत आणले तेव्हा तो तरुण खरोखर हादरला. सीटवर ओरखडे पडतील म्हणाला. आईनं पिशवीतून जुनी चादर काढून सीटवर अंथरली. ती मनमाडहूनच तयारीनं आली होती. दोन्ही कडांना दोन क्रेट ठेवले. मध्ये जी फट उरली, तिच्यात आई शिरली. अंग तिरकं करून, गुडघे एकत्र, पर्स मांडीवर आणि खांदे आत ओढलेले. आम्हाला बघून हसत म्हणाली, “झालं की. माझं काय, मी कुठंही मावते.”

हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आलोय. पॅसेंजरच्या बाकावर चौथी म्हणून, लग्नाच्या जीपमध्ये दाराला टेकून, रिक्षात आम्हा पोरांच्या पायाशी. ते वाक्य म्हणजे तिचा स्वभाव असं मी समजत होतो. त्यात काही बिघडलंय, हे मला कधी दिसलं नव्हतं.

मधुराला दिसलं. ती दारापाशी कमरेला हात लावून उभी होती.

“आई, मावायचं नाहीये,” ती म्हणाली. “बसायचंय. मागं टेकून. रोज.”

आईनं निळ्या क्रेटच्या कडेवर हात ठेवला. मग म्हणाली, “मग ही गाडी नको.”

दुसऱ्या शोरूममध्ये क्रेटसह तिला बसता आलं, पण टेकता येईना. ती स्वतःच म्हणाली, की पाठ लागत नाही. आमच्या घरात आईनं एखाद्या गोष्टीबद्दल तक्रार करण्याची ही पहिलीच वेळ, त्यामुळे मी आणि दादा एकमेकांकडे बघत राहिलो.

तिसऱ्या ठिकाणची गाडी लांब होती, मागं आणखी एक आसनांची ओळ असलेली. दिसायला यथातथाच, दुधाच्या मोठ्या कॅनसारखी. तिथला विक्रेता जरा वयस्क होता, त्यानं क्रेट बघून न दचकता विचारलं, “जुळी का?” मी गडबडीनं म्हणालो, “नाही, वडिलांचे गुडघे.” त्यानं समजल्यासारखी मान हलवली. हे पुढं आम्हाला भोवलं.

क्रेट ठेवले. आई मध्ये बसली. मागं टेकली. पदर सारखा केला, चपला काढल्या आणि एक पाय वर घेऊन मांडी घालून बसली. दोन्ही हात दोन क्रेटवर. विक्रेत्याकडे पाहून म्हणाली, “आता चहा आणा.”

तोपर्यंत दादांनी एकाही गाडीत पाय ठेवला नव्हता. प्रत्येक ठिकाणी फुकटची कॉफी घेऊन ते माहितीपत्रकं वाचत होते, त्यांतल्या विशेषणांवर बोट ठेवून मला दाखवत होते. आता ते उठले, लाल क्रेट उचलून ती कडेची सीट पुढं ढकलायला लावून सरळ शेवटच्या ओळीत जाऊन बसले. विक्रेता म्हणाला, “सर, तिथं सहसा लहान मुलं बसतात. तुम्ही पुढं बसा.”

दादा वळून मागच्या काचेतून बाहेर बघत होते. तिथूनच म्हणाले, “आयुष्यभर शेवटच्या डब्यात बसलोय. पुढं काय आहे ते ड्रायव्हर बघेल. मागं काही राहिलं का, ते बघायला माणूस लागतो.”

गुडघ्यांचा विषय त्यांनीही काढला नाही.

घरी परतताना आम्ही रिक्षात दाटीनं बसलो. क्रेट माझ्या मांडीवर होते. सिग्नलला थांबलो तेव्हा आईनं मधुराला विचारलं, तुमच्या गॅलरीत सकाळचं ऊन किती वेळ येतं. मधुरा म्हणाली, दहापर्यंत. आई म्हणाली, “मग तुळस येईल तिथं. मनमाडची कुंडी जड आहे, पण गाडीत मागं राहील.”

इतकी वर्षं मी जे विचारत होतो, त्याचं उत्तर असं आलं. मी रिक्षाच्या बाहेर बघत बसलो. मधुरानं माझ्या हातातला एक क्रेट काढून स्वतःकडे घेतला, बहुधा मला डोळे पुसता यावेत म्हणून.

गाडी ताब्यात घ्यायचा दिवस म्हणजे लहानसं लग्नच. गाडीवर सॅटिनचं कापड, माझ्या हातात दाराएवढी पुठ्ठ्याची किल्ली, फोटोग्राफर, टाळ्या वाजवायला पगारी माणसं. चारही चाकांखाली लिंबं आईनं स्वतः ठेवली. नारळ फोडायला शोरूमनं वेगळा दगडच बसवलेला होता. इथवर ठीक होतं. मग विक्रेत्यानं मोठ्या प्रेमानं केक पुढं आणला. त्यावर गुलाबी-निळ्या क्रीमनं दोन बाळं काढून ‘जुळ्यांचं स्वागत’ असं लिहिलेलं.

सगळे आईकडे बघू लागले. इतके महिने पाळलेला कायदा क्रीमनं मोडला होता. आई केकजवळ गेली, सुरी उलटी धरली आणि भिंतीला गिलावा करावा तशी सगळी अक्षरं आणि बाळं सपाट करून टाकली. म्हणाली, “आता हा नुसता केक आहे. कापा.” पहिला तुकडा तिनं त्या विक्रेत्यालाच भरवला.

मुली झाल्या. दोघी. दोघींचं रडणं शिफ्टमध्ये चालतं. एकीची सुटते तेव्हा दुसरीची भरते. आई-दादा सातव्या महिन्यातच आले होते, तुळशीच्या कुंडीसह. खुर्च्या जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी आल्या आणि नेमक्या त्याच जागी बसल्या जिथं क्रेट बसले होते. क्रेट सासऱ्यांनी परत नेले नाहीत. एकात लंगोट आहेत, एकात खेळणी.

मागच्या महिन्यात सगळे मनमाडला गेलो, मुली गल्लीला दाखवायला. तुमच्यापैकी जे तिथं राहिलात ते आला होतात. तुम्ही त्यांना इतकं हाताळलंत की एकीनं रागानं दूध ओकलं. निघताना घराला कुलूप लागलं. आजवर मी निघायचो आणि ते दोघं दारात उभे राहायचे. या वेळी दारात तुम्ही होतात आणि ते दोघं गाडीत.

मधुरा माझ्या शेजारी बसली. मी इंजिन सुरू केलं आणि थांबलो. का थांबलो, ते मलाच कळेना. मग लक्षात आलं, की मी आरशात बघतोय. आरशात दोन खुर्च्या होत्या, दोन झोपलेली टोपडी, मध्ये मांडी घालून, मागं टेकून बसलेली आई. तिनं विचारलं, “सामान मोजलंस का?” मी या खेपेला खरंच मोजलं.

तिच्या मागं, शेवटच्या ओळीत दादा पाठमोरे वळून बसले होते. ते घराकडे, गल्लीकडे, तुमच्याकडे बघत होते. काही राहिलं नाही याची खात्री झाल्यावर, मान न वळवता, त्यांनी गुंडाळलेलं दुपटं धरलेला हात वर केला.

मी गाडी सोडली. दादा मागं बघत होते, मी पुढं. आम्हा दोघांच्या मध्ये जेवढी जागा आहे, तिला मी हल्ली घर म्हणतो.